सिनेमातल्या डायनासोरवर किती विश्वास ठेवायचा?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: 'ज्युरासिक पार्क' आणि त्यानंतरचे तसले चित्रपट पाहून डायनासोरबद्दल जे मनात बसते त्यातले खरे किती, आणि या चित्रपटांनी जीवाश्मशास्त्राचे भले केले की नुकसान?

पृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म हे माझे काम, आणि संग्रहालयात येणाऱ्या लोकांशी बोलणे हाही त्या कामाचाच भाग. त्यामुळे हा प्रश्न या ना त्या रूपात सतत समोर येतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. चित्रपटातल्या शरीररचनेच्या चुका काढणे हा आमच्या मंडळींचा आवडता उद्योग आहे, आणि पुढे मीही तो मनसोक्त करणार आहे. पण प्राण्याची उंची चुकली, पिसे राहून गेली, हे एका वाक्यात दुरुस्त होते. सहजासहजी दुरुस्त होत नाही ती वेगळीच समजूत: हे सगळे शास्त्रज्ञांना आपसूकच ठाऊक असते, ही. पडद्यावर प्राणी अख्खा, जिवंत, कातडीसकट उभा राहतो. त्यातले हाडावरून किती आले, अंदाजाने किती आणि कलाकाराच्या डोक्यातून किती, याचा तिथे मागमूस नसतो.

श्रेय द्यायचे ते मात्र आधी देतो. १९२५ चा 'द लॉस्ट वर्ल्ड' आणि १९३३ चा 'किंग काँग' यांत विलिस ओब्रायनने डायनासोरांच्या प्रतिकृती एकेक चौकट करून हलवल्या. त्या प्रतिकृतींना आधार होता चार्ल्स नाइट या चित्रकाराच्या चित्रांचा, म्हणजे त्या काळच्या शास्त्राचाच. जड, सुस्त, शेपूट फरपटत चालणारे प्राणी तेव्हा शास्त्रज्ञही खरे मानत होते. १९४० च्या 'फँटेसिया'त टी. रेक्स (टायरॅनोसॉरस रेक्स, तो प्रचंड मांसाहारी) आणि पाठीवर पट्ट्या असलेला शाकाहारी स्टेगोसॉरस यांची झुंज आहे. या दोघांच्या काळात साधारण ८ कोटी वर्षांचे अंतर आहे, टी. रेक्स आणि आपण यांच्यातले अंतर त्याहून कमी भरते. १९६६ च्या 'वन मिलियन इयर्स बी.सी.'मध्ये तर माणसेच डायनासोरांशी लढतात, त्याबद्दल काय बोलायचे!

शास्त्रातले चित्र मात्र तोवर पालटायला लागले होते. १९६४ मध्ये जॉन ऑस्ट्रॉम यांना अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात डायनॉनिकसची हाडे सापडली, १९६९ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हलका बांधा, मागच्या पायाला विळ्यासारखी नखी, तोल सांभाळणारी ताठ शेपूट. असा प्राणी सुस्त असणे शक्य नव्हते. ऑस्ट्रॉम यांनी पुढे पक्षी आणि डायनासोर यांचे नातेही पुन्हा चर्चेत आणले, आणि त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट बाकर यांनी डायनासोर उष्ण रक्ताचे असल्याचा मुद्दा जोरात मांडला. वीसेक वर्षे हे सारे मुख्यतः शोधपत्रिका आणि जाणकारांपुरते राहिले. १९९३ च्या 'ज्युरासिक पार्क'ने ते दोन तासांत जगभर पोहोचवले. पाठ जमिनीला समांतर, शेपूट अधांतरी, पक्ष्यांच्या थव्यासारखा एकदम वळणारा गॅलिमायमसचा कळप. इतके काम आमची पाठ्यपुस्तके पन्नास वर्षांत करू शकली नसती. जॅक हॉर्नर हे जीवाश्मशास्त्रज्ञ चित्रपटाचे सल्लागार होते. सुरुवातीच्या चाचणी दृश्यात रॅप्टर, म्हणजे चित्रपटातला व्हेलॉसिरॅप्टर, सापासारखी जीभ लवलवत होता. ती सवय सरडे-सापांची, डायनासोरांची नव्हे, असे सांगून हॉर्नर यांनी ती काढायला लावली.

आता रॅप्टरचीच गोष्ट, कारण चित्रपट आणि शास्त्र यांची सरमिसळ कशी होते ते तिच्यात नीट दिसते. खरा व्हेलॉसिरॅप्टर कमरेपाशी जेमतेम अर्धा मीटर उंच, शेपटीसह दोन मीटरच्या आत-बाहेर लांब आणि १५ ते २० किलो वजनाचा. त्याची हाडे १९२३ मध्ये मंगोलियातल्या गोबी वाळवंटात मिळाली आणि पुढच्या वर्षी हेन्री फेअरफील्ड ऑसबर्न यांनी त्याला नाव दिले. चित्रपटातला रॅप्टर माणसाच्या उंचीचा आहे आणि त्याचे उत्खनन चक्क मोंटानात चालले आहे. हा गोंधळ कुणी वेंधळेपणाने केलेला नाही. १९८८ मध्ये ग्रेगरी पॉल यांनी आपल्या पुस्तकात मोंटानाच्या डायनॉनिकसला व्हेलॉसिरॅप्टरच्याच प्रजातीत टाकले होते. कादंबरीकार मायकेल क्रायटन यांनी तेच नाव उचलले. ते जास्त नाट्यमय वाटते, असेही त्यांनी ऑस्ट्रॉम यांना सांगितले होते. पॉल यांचे ते वर्गीकरण इतरांनी स्वीकारले नाही. कादंबरी आणि चित्रपटामुळे नाव मात्र कायमचे चिकटले. म्हणजे जगाला जो व्हेलॉसिरॅप्टर माहीत आहे तो मुळात डायनॉनिकस, आणि तोही फुगवलेला. चित्रपट आला त्याच वर्षी युटा राज्यातल्या युटारॅप्टरचे वर्णन प्रसिद्ध झाले. तो पडद्यावरच्या रॅप्टरपेक्षाही मोठा निघाला, म्हणून चित्रपटाने भाकीत केले होते असे काही जण म्हणतात. तो योगायोग होता, इतकेच.

रॅप्टर टोळीने शिकार करत, हे वाक्य तर लोक वस्तुस्थिती म्हणून ऐकवतात. त्यामागे काय आहे? मोंटानात टेनॉन्टोसॉरस या शाकाहारी डायनासोरच्या हाडांजवळ डायनॉनिकसचे दात आणि काही सांगाडे मिळाले. त्यावरून टोळीची कल्पना पुढे आली. तोच पुरावा वेगळा वाचता येतो: आज कोमोडो ड्रॅगन एका मढ्यावर जमतात, एकमेकांना चावतात, प्रसंगी मारतातही, त्याला कुणी टोळीची शिकार म्हणत नाही. २०२० मध्ये डायनॉनिकसच्या दातांचा रासायनिक अभ्यास झाला. त्यात पिल्लांचा आहार मोठ्यांपेक्षा वेगळा दिसला. लांडग्यांसारखी टोळी असती तर पिल्ले मोठ्यांनी मारलेलेच खाती. प्रश्न अजून सुटलेला नाही, पण पडद्यावर तो १९९३ सालीच सुटला.

पिसांचे काय, हा पुढचा प्रश्न ठरलेला. १९९३ च्या चित्रपटाला त्याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही. चीनच्या लिआओनिंग प्रांतातला सायनोसॉरोप्टेरिक्स जगासमोर आला १९९६ मध्ये. पक्षी नसलेल्या डायनासोरच्या अंगावर पिसासारखे तंतू तेव्हा पहिल्यांदा दिसले. २००७ मध्ये खुद्द व्हेलॉसिरॅप्टरच्या पुढच्या पायाच्या हाडावर, पिसे जिथे रुततात तिथले उंचवटे सापडले. २०१० मध्ये जीवाश्मात टिकलेल्या रंगकणांच्या आकारावरून सायनोसॉरोप्टेरिक्सची शेपूट तांबूस-पांढऱ्या पट्ट्यांची होती इथपर्यंत मजल गेली. तरीही २०१५ च्या 'ज्युरासिक वर्ल्ड'मधले रॅप्टर उघडेबोडकेच. कथेत पळवाट आहे: या प्राण्यांच्या जनुकांत इतर प्राण्यांचे तुकडे जोडलेले आहेत, तेव्हा ते मुळासारखे दिसतीलच कशाला! पळवाट हुशार आहे, मला आवडतेही. खरे कारण मात्र उघड आहे. प्रेक्षकाला लहानपणी पाहिलेलाच डायनासोर पुन्हा हवा असतो. पिसांचा रॅप्टर दाखवला की संग्रहालयातही लोक हिरमुसतात, शास्त्रज्ञांनी त्यांचा प्राणी बिघडवला अशा सुरात बोलतात. २०२२ च्या चित्रपटात पायरोरॅप्टरला पिसे मिळाली, म्हणजे शोधानंतर पाव शतकाने.

उलट बाजूचा अतिरेकही पाहून घ्या. २०१२ मध्ये चीनमधला युटायरॅनस, म्हणजे टी. रेक्सचा सुमारे नऊ मीटर लांबीचा, अंगावर पिसे असलेला नातेवाईक, जाहीर झाला आणि हौशी चित्रकारांनी टी. रेक्सलाही भरघोस पिसे चढवली. २०१७ मध्ये टी. रेक्सच्या कातडीच्या ठशांचा अभ्यास झाला, त्यात खवले दिसले. तेव्हा या एका बाबतीत जुना चित्रपट बराचसा बरोबर ठरला.

टी. रेक्सला स्थिर वस्तू दिसत नसे, हे चित्रपटातले वाक्य ऐकून कितीतरी मुले मला विचारतात की त्याच्यासमोर निश्चल उभे राहायचे का. राहू नका. त्याचे डोळे समोरच्या बाजूला वळलेले होते, दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसणारा टापू चांगला रुंद होता, आणि मेंदूच्या पोकळीच्या साच्यावरून त्याचा वास घेणारा भागही मोठा असल्याचे कळते. जीपचा पाठलाग मात्र त्याला जमला नसता. २००२ मध्ये हचिन्सन आणि गार्सिया यांनी गणित मांडले की एवढ्या वजनाच्या प्राण्याला वेगात धावायचे तर पायांत अशक्य प्रमाणात स्नायू लागतील. त्याची ती गाजलेली डरकाळी हत्तीचे पिल्लू, वाघ आणि मगर यांच्या आवाजांतून स्टुडिओत घडवलेली आहे. आजचे पक्षी आणि मगरी पाहता निदान काही डायनासोर तोंड मिटून खोल घुमणारा आवाज काढत असावेत, असे २०१६ चा एक अभ्यास सुचवतो. लांब मानेचा ब्रॅकिओसॉरस चित्रपटात चावून चावून पाने खातो तेही चूक. त्याचे दात ओरबाडण्याचे, रवंथाचे नव्हेत.

चित्रपटातल्या डायलोफोसॉरस या शिकारी डायनासोरची गळ्याभोवतीची झालर आणि विषारी थुंकी या दोन्ही शुद्ध कल्पना. पण विषाची कल्पना आली कुठून, ते गमतीचे आहे. हा प्राणी १९४० च्या दशकात ॲरिझोनातल्या नावाहो लोकांच्या प्रदेशात मिळाला, आणि त्याचा जबडा नाजूक असल्याचे सुरुवातीच्या लेखनात म्हटले गेले. नाजूक जबड्याने शिकार मारणार कशी? मग विष असेल, असा कथेपुरता धागा जुळला. २०२० मध्ये ॲडम मार्श आणि टिमथी रो यांनी सगळे नमुने नव्याने तपासले. जबडा चांगला भक्कम होता, आणि पडद्यावर इवलासा दिसणारा हा प्राणी सहा मीटरहून लांब होता.

अंबरात, म्हणजे झाडाच्या जीवाश्म झालेल्या राळेत, अडकलेला डास आणि त्याच्या पोटातल्या डायनासोरच्या रक्तातून डीएनए काढून प्राणी पुन्हा घडवायचे, या चित्रपटातल्या कल्पनेवर थोडे थांबायला हवे, कारण इथे सिनेमा आणि प्रयोगशाळा एकमेकांच्या अगदी जवळ आल्या होत्या. चित्रपट अमेरिकेत ११ जून १९९३ ला लागला. त्याच्या आदल्या दिवशी 'नेचर'मध्ये, लेबनॉनच्या अंबरात अडकलेल्या १२ कोटी वर्षांहून जुन्या सोंडकिड्याचा डीएनए मिळाल्याचा शोधनिबंध आला. १९९४ मध्ये तर डायनासोरच्या काळातल्या हाडातून डीएनए मिळाल्याचा दावा झाला. तो डीएनए माणसाचा निघाला, बहुधा हाताळणीतून आलेला. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या गटाने अंबरातल्या किड्यांवर तेच प्रयोग काळजीपूर्वक करून पाहिले, १९९७ मध्ये निकाल जाहीर केला: काही मिळत नाही. पुढे २०१२ मध्ये न्यूझीलंडच्या नामशेष मोआ पक्ष्याच्या हाडांवरून हिशेब निघाला की तिथल्या परिस्थितीत डीएनएच्या ठरावीक लांबीच्या तुकड्यांपैकी निम्मे साधारण ५२१ वर्षांत तुटतात. उणे ५ अंश तापमानातही ६८ लाख वर्षांत एकही दुवा उरणार नाही. शेवटचे मोठे डायनासोर गेले त्याला ६ कोटी ६० लाख वर्षे झाली. ग्रीनलंडच्या गोठलेल्या गाळातून २० लाख वर्षांपूर्वीचा डीएनए मिळाला, २०२२ मध्ये, आणि तोही मोठा पराक्रम मानला गेला. आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही: चित्रपटातली अंबराची खाण डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये आहे. तिथले अंबर दोनेक कोटी वर्षांहून जुने नाही. त्यातल्या डासाला डायनासोर भेटलाच नसता.

आता मला सर्वांत खटकणारे दृश्य. चित्रपटाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञ वाळू ब्रशने झटकतात आणि खाली सांगाडा अख्खा, जागच्या जागी. मग जमिनीत एक बार काढतात आणि संगणकाच्या पडद्यावर दुसरा सांगाडा दिसतो. असे यंत्र आजही आमच्याकडे नाही. जीवाश्म झालेले हाड आणि भोवतीचा खडक यांत अनेकदा इतका कमी फरक असतो की जमिनीवरून पाठवलेल्या लहरींना ते वेगळे काढता येत नाही. शोध लागतो तो चालून. योग्य काळाचा गाळाचा खडक उघडा पडलेला असेल अशी जागा नकाशावर निवडायची आणि मान खाली घालून फिरायचे. हाडाचा चुरा दिसला की उताराच्या वरच्या दिशेने माग काढायचा, तो कुठल्या थरातून झडतो आहे ते पाहायला. बहुतेक वेळा वर पोहोचेपर्यंत हाड संपलेले असते. उरले असेल तर त्यावरचा खडक कुदळ-फावड्याने, कधी यंत्राने हटवायचा. ब्रश येतो अगदी शेवटी. भेगाळलेल्या हाडात पातळ गोंद मुरवायचा, थर, दिशा, शेजारचे हाड यांची नोंद करायची, मग ओला कागद आणि त्यावर प्लास्टरमध्ये भिजवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळून, भोवतालच्या खडकासह ते उचलायचे.

आणि काम तिथून सुरू होते. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली, हवेच्या दाबावर चालणाऱ्या बारीक छिन्नीने खडकाचा कणन् कण काढणारी माणसे कुठल्याच चित्रपटात दिसत नाहीत. 'सू' नावाने ओळखला जाणारा टी. रेक्सचा सांगाडा १९९० मध्ये सापडला, शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये लोकांसमोर आला २००० मध्ये. मधल्या काळात न्यायालयीन वाद आणि लिलाव झाला हे खरे, पण हाडे साफ करून तयार करायलाच ३०,००० च्या आसपास तास लागले. आणि सू हा दुर्मीळ, जवळपास पूर्ण सांगाडा. बऱ्याच डायनासोरांची ओळख मूठभर हाडांवर उभी आहे. स्पायनोसॉरस घ्या. एर्न्स्ट श्ट्रोमर यांनी १९१५ मध्ये इजिप्तमधल्या हाडांवरून त्याचे वर्णन केले. ती हाडे १९४४ च्या एप्रिलमध्ये म्युनिकवरच्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली. २००१ च्या तिसऱ्या भागात तो टी. रेक्सची मान मोडतो तेव्हा त्याचे मागचे पाय आणि शेपूट कशी होती, ते कुणालाही नीट माहीत नव्हते. २०१४ मध्ये मोरोक्कोतल्या सांगाड्यावरून आखूड मागचे पाय कळले, २०२० मध्ये वल्ह्यासारखी उंच शेपूट. तो पोहत शिकार करायचा की काठावर उभा राहून, यावर अजून जोरदार भांडणे चालू आहेत. प्रेक्षकाच्या मनात मात्र तो पूर्ण आहे, आणि प्रश्न एकच उरतो: दोघांत जिंकले कोण? ते वेगळ्या खंडांत राहत होते आणि त्यांच्यात अडीच-तीन कोटी वर्षांचे अंतर होते.

इथे कुणी म्हणेल, मग माहितीपट पाहावेत. पाहा, पण त्यांच्याबद्दल मी चित्रपटांपेक्षा जास्त सावध असतो. चित्रपट ही गोष्ट आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. माहितीपटात धीरगंभीर आवाज प्राण्याचे प्रणयाराधन असे सांगतो की कुणीतरी ते पाहूनच आले आहे. १९९९ च्या 'वॉकिंग विथ डायनोसॉर्स'मध्ये लायोप्ल्युरोडॉन हा समुद्री शिकारी २५ मीटर लांब दाखवला. खरा प्राणी त्याच्या एक तृतीयांशही नव्हता, शिवाय तो डायनासोरही नाही. (उडणारे टेरोसॉर, समुद्रातला मोसासॉरस यांचीही गत तीच.)

राहिला भले-बुरे हा भाग. विद्यार्थी आले, हे निर्विवाद. पैसाही आला. चित्रपटाशी संबंधित देणगीतून १९९८ मध्ये ज्युरासिक फाउंडेशन स्थापन झाले, ते डायनासोर-संशोधनाला छोटी अनुदाने देते. चीनमधल्या एका चिलखती डायनासोरच्या जातीचे नाव तर चित्रपटातल्या नटांच्या आडनावांची पहिली अक्षरे जोडून ठेवले आहे: टियांचीसॉरस नेडेगोआपेफेरिमा. कुतूहलाचा ओघ मात्र मोठ्या मांसाहारी प्राण्यांकडेच वळला. त्या काळातले बेडूक, सरडे, सस्तन प्राणी, परागकण यांवर त्या वेळचे अख्खे जग उभे करता येते, पण त्यांना कोण विचारतो?

त्याच ओघातून बाजार उभा राहिला. एकट्या सिनेमाने तो घडवला असे मी म्हणणार नाही, पण टी. रेक्स हे घराघरांतले नाव झाले नसते तर हे आकडे दिसले नसते. सू १९९७ मध्ये सुमारे ८३.६ लाख डॉलरना विकला गेला. 'स्टॅन' २०२० मध्ये ३ कोटी १८ लाखांना. २०२४ मध्ये 'एपेक्स' हा स्टेगोसॉरस ४ कोटी ४६ लाखांना. बहुतेक संग्रहालयांना एवढे पैसे कधीच जमणार नाहीत. खासगी मालकीच्या हाडावर लिहिलेला शोधनिबंध चांगल्या शोधपत्रिका सहसा घेत नाहीत, कारण उद्या मालकाने दार लावले तर दुसऱ्याला तो पडताळता येत नाही.

मोंटानात २००६ मध्ये एकमेकांशेजारी पडलेले एक ट्रायसेराटॉप्स (तीन शिंगांचा शाकाहारी डायनासोर) आणि एक छोटा टायरॅनोसॉर (टी. रेक्सच्या कुळातला प्राणी) सापडले. खासगी जमिनीवर सापडल्यामुळे तो जोड-नमुना विक्रीला निघाला. २०१३ च्या न्यूयॉर्कमधल्या लिलावात अपेक्षित किंमत आली नाही म्हणून पडून राहिला. छोटा टायरॅनोसॉर म्हणजे टी. रेक्सचे पिल्लू की नॅनोटायरॅनस नावाचा वेगळाच प्राणी, हा वाद तेव्हा आमच्या क्षेत्रात कडाक्याचा चालू होता, आणि ज्या हाडांत उत्तर असण्याची शक्यता होती ती पाहायला मिळत नव्हती. २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या संग्रहालयाने ती मिळवली. हाडांचे पातळ काप घेऊन वाढीची वर्तुळे मोजली गेली, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष आला: प्राणी जवळपास पूर्ण वाढलेला आहे, टी. रेक्सचे पिल्लू तो असूच शकत नाही. म्हणजे टी. रेक्सच्या बालपणाबद्दल अशा छोट्या नमुन्यांवरून आम्ही जे काही लिहून ठेवले होते, ते आता पुन्हा तपासावे लागते आहे.